अक्कांच्या चुका

आमच्या कॉलेजात बीजभाषणाला येणारे पाहुणे शेंगांच्या आवाजानं बिचकायचे. पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीत अक्का बसलेल्या असत. मांडीवर रुमाल पसरलेला, रुमालात भाजलेल्या शेंगा. वक्ता ‘क्रांतिकारी’ हा शब्द म्हणाला की अक्का एक शेंग फोडत. त्याच शब्दाला फोडत, एरवी नाही. सभागृह शांत असायचं आणि मध्येच टक्क असा आवाज यायचा. वक्ता थांबून इकडेतिकडे बघायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि पुढं जाऊन पुन्हा तोच शब्द उच्चारायचा. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी तर चहाच्या सुट्टीआधीच अक्कांचा रुमाल रिकामा केला होता. त्या दिवशी अक्कांनी जेवणाचा डबा न उघडता घरी नेला आणि पोट भरल्याचं मला गंभीरपणे सांगितलं.

असं का करता म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, झोप लागू नये म्हणून. मग म्हणाल्या, “आणि मोजायचंही असतं रे. माणूस कुठल्या शब्दावर रेलतो ते कळलं, की त्याचं कुठं दुखतंय ते कळतं.”

अक्का आमच्या संगणक विभागाच्या प्रमुख. कॉलेज सांगलीच्या बाहेर, शेतांच्या मधोमध. खोलीच्या दारावर त्यांच्या पूर्ण नावाची पाटी होती, पण ते नाव पगारपत्रकाखेरीज कुठं कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. त्या जत तालुक्यातल्या, अगदी कर्नाटकाला खेटून असलेल्या गावच्या. वडील मेंढरं राखायचे. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही, आणि ‘अक्का’ हा शब्द दोन्हीकडं चालणारा, म्हणून तोच पडला. उंच, शिडशिडीत, नाकावर दोरी बांधलेला चष्मा, अंगावर इरकल साडी आणि पायात पांढरे कापडी बूट. त्या बुटांमुळे त्या कॉरिडॉरमध्ये कधी आल्या ते कळायचं नाही. कॉपी करणारी पोरं त्या बुटांना फार वचकून असत.

मी साताऱ्याकडचा. घरात दोन पिढ्या फौजेतल्या, मी तिसऱ्या पिढीतला, पण पाय सपाट निघाले म्हणून भरती हुकली आणि संगणकाकडं वळलो. अक्कांच्या विभागात मी तात्पुरता लागलो तेव्हा माझं वय सव्वीस. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांच्याच तासाला मागच्या बाकावर बसवलं. तास सुरू झाला. अक्कांनी पिशवीतून एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही काढली, चष्मा सावरला आणि वाचायला लागल्या.

“कालच्या तासाच्या चुका. एक, दुसऱ्या फळ्यावर अधिकच्या जागी वजा लिहिलं. दोन, मागच्या बाकावरच्या मुलीला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. तीन, हे सोपं आहे असं म्हणाले. सोपं नव्हतं.”

वर्गातलं कुणी हसलं नाही. त्यांना त्याची सवय होती. एका मुलानं हात वर करून चौथी चूक सांगितली. अक्कांचा चेहरा असा उजळला की जणू त्यानं त्यांना बक्षीस दिलं होतं. त्यांनी ती चूक तारीख घालून लिहून घेतली, खाली त्या मुलाची सही घेतली आणि मगच खडू उचलला.

त्या वहीची मला सुरुवातीला लाज वाटायची. माझ्या डोक्यात प्राध्यापक म्हणजे न चुकणारा माणूस, अशी समजूत होती. निदान चुकलं तरी दाखवू नये, एवढी तरी. अक्कांना चूक सापडली की आनंद व्हायचा, खराखुरा. हरवलेलं कोकरू सापडावं तसा. दिवसभर त्या ती येईल जाईल त्याला दाखवत.

त्यांच्या शिफारसपत्रांचा किस्सा तर आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला जाणारी मुलं सगळ्या प्राध्यापकांकडून पत्रं घेत, आणि आम्ही सगळे त्यात ‘अत्यंत हुशार, अत्यंत मेहनती’ असं लिहीत असू. अक्का आधी दोष लिहीत. ‘हा मुलगा उशिरा येतो. सकाळी नऊच्या आत याला काही विचारू नये. इंग्रजी घाबरून बोलतो. नऊनंतर याच्याइतका चिवट माणूस माझ्या पाहण्यात नाही.’ तो मुलगा रडकुंडीला आला होता. अक्कांनी पत्र बदललं नाही. पुढं त्याला ती नोकरी मिळाली, आणि मुलाखत घेणाऱ्यानं त्याला सांगितलं की आलेल्या ढीगभर पत्रांतलं आम्हाला खरं वाटलेलं पत्र हे एकच. तेव्हापासून मुलं अक्कांच्या दाराशी रांग लावून, आमचे दोष लिहा हो अक्का, असं म्हणायला लागली. ज्या मुलीत दोष सापडला नाही, तिला मात्र त्यांनी आठवडाभर थांबवलं. नीट ओळख झाल्याशिवाय लिहिणार नाही म्हणाल्या.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ती त्यांची आहे, पण तिच्यात माझाही एक काळा डाग आहे.

अक्का आणि मी मिळून द्राक्षाच्या पानांवरचा रोग ओळखणारं एक ॲप तयार करत होतो. आमच्या भागात तासगाव, पलूस, कुंडल असा सगळा द्राक्षाचा पट्टा. शेतकऱ्यानं पानाचा फोटो काढायचा, आणि पान निरोगी आहे की भुरी, दावण्या असलं काही पडलंय, ते ॲपनं सांगायचं. दोन वर्षं मी बागा हिंडून फोटो गोळा केले. चाचण्यांत आकडे चांगले येत होते. दर शनिवारी दुपारी अक्का वही उघडून बसत आणि मला म्हणत, “आण, या आठवड्याच्या चुका आण.” मी यंत्राच्या चुका सांगायचो, त्या लिहायच्या, मग आम्ही त्या दुरुस्त करायचो.

त्या हिवाळ्यात कॉलेजात एक मोठं चर्चासत्र ठरलं. विषय होता विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता. तीन बीजभाषणं होती. एक परदेशातले प्राध्यापक पडद्यावरून बोलणार होते, एक बंगळूरच्या कंपनीतला तरुण शास्त्रज्ञ, आणि तिसऱ्या आमच्या अक्का. संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं की दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते आमचं ॲप शेतकऱ्यांना अर्पण करायचं. फ्लेक्स छापायला गेले. माझ्या कायम नेमणुकीची फाइल त्यांच्याच टेबलावर होती आणि समारंभ झाला की बघू, असं ते मला दोनदा म्हणाले होते.

चर्चासत्राला वीसेक दिवस असताना कुंडलच्या एका बागायतदाराचा मला फोन आला. त्यांना सगळे तात्या म्हणत. आमचं ॲप वापरून बघायला आम्ही ज्या मोजक्या लोकांना दिलं होतं, त्यांतले ते एक. तात्या म्हणाले, “सर, तुमचं यंत्र म्हनलं पान निरोगी हाय. म्हनून मी फवारनी पुढं ढकलली. आता येऊन बघा एकदा.”

मी म्हणालो की हवा ढगाळ होती, फोटो नीट आला नसेल. येतो म्हणालो, आणि गेलो नाही.

त्या शनिवारी अक्कांनी वही उघडली. मी सांगितलं, या आठवड्यात काही नाही. पुढच्या शनिवारीही तेच सांगितलं. अक्कांनी कोऱ्या पानावर तारीख घातली आणि वही मिटली. दोन आठवडे एकही चूक नाही म्हणजे आपण नीट तपासत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. माझ्यावर त्यांनी शंका घेतली नाही. त्यांनी स्वतःवरच घेतली. सोमवारपासून कॉलेज सुटल्यावर त्या एकट्याच प्रयोगशाळेत बसून जुने फोटो एकेक करून तपासायला लागल्या. ते बघणं मला जड गेलं. रागावल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं.

चर्चासत्राला चार दिवस राहिले असताना दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तात्यांचा फोन, माझं उत्तर, दोन शनिवार, नेमणुकीची फाइल, सगळं. मी मान खाली घालून उभा होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वर बघितलं तर अक्का उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच, मुलानं चौथी चूक सांगितल्यावरचा उजेड होता.

“सापडली म्हण की,” त्या म्हणाल्या. “आठवडाभर शोधतेय मी तिला. चल, गाडी काढ.”

माझ्या मोटारसायकलवर मागं बसून त्या कुंडलला निघाल्या. रस्ता विचारण्याची त्यांची एक रीत होती. मोबाइलवरचा नकाशा त्यांना चालायचा, पण शेवटच्या दोन मैलांत त्या माणसालाच विचारत, तेही दोघातिघांना. आणि ज्याला खात्री नसेल त्याचं ऐकत. गावाबाहेर एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं छाती पुढं काढून, “डोळे मिटून जावा, उजव्या हाताला तात्यांचा मळा,” असं सांगितलं. मी गाडी वळवली. अक्कांनी माझ्या खांद्यावर थाप मारून थांबवलं. पुढं शेळ्या घेऊन एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, “मला नक्की ठावं न्हाई बाय. पन त्येंची बाग वड्याच्या पल्याड असंल, कारन त्यांची बायकामानसं हितनंच जात्यात.” आम्ही ओढा ओलांडला. पलीकडं तात्यांचा मळा होता. परत येताना मुद्दाम उजवीकडच्या रस्त्यानं गेलो, तर तो विटांच्या भट्टीपाशी संपला. अक्का सांगलीपर्यंत हसत होत्या.

तात्या साठीचे, डोक्याला टोपी, बोलणं हळू. त्यांनी अक्कांना पाणी दिलं. माझ्याकडं बघितलं नाही. मग आम्हाला बागेत नेऊन घड दाखवले. कडेच्या चार ओळींतले कोवळे घड काळे पडून वाळून गेले होते. हात लावला की मणी गळून पडत. बाकीची बाग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून वाचवली होती.

अक्कांनी विचारलं की हे तुम्हाला आधी कसं कळलं असतं. तात्यांना प्रश्नच समजला नाही. त्यांनी एक पान धरलं आणि उलटलं. वरून बरं दिसणाऱ्या त्या पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी चढली होती.

“पान उलटून बघायचं असतंय,” ते म्हणाले. “ल्हान पोरगं बी उलटून बघतंय.”

अक्कांनी मला विचारलं, आपल्या सगळ्या फोटोंत पानाची पाठ किती वेळा आहे. मी आठवून बघितलं. एकदाही नव्हती. दोन वर्षं बागा हिंडलो, हजारो पानं टिपली, आणि एकाही पानाला उलटं केलं नव्हतं. अक्का साडीसकट मातीत बसल्या. त्यांनी तात्यांना हात जोडले. म्हणाल्या, मी मेंढरं राखणाऱ्याची पोर. मला पानाचं कळत नाही, आणि कळत नसताना मी तुम्हाला विचारायला आले नाही. ही चूक माझी.

मग मला गप्प राहणं शक्यच नव्हतं. मी तात्यांना सांगितलं की अक्कांना यातलं काही माहीत नव्हतं, मीच लपवलं.

तात्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “सर, फोनवर तुमचा आवाज पडला व्हता. तवाच वळाकलं मी.” मग म्हणाले, “चुकलं ते चुकलं. पन या म्हनलो आनि आला न्हाईसा, ते लागलं.”

तिथंच बांधावर बसून अक्कांनी वही माझ्या हातात दिली. ती चूक मी माझ्या अक्षरात लिहिली. खाली साक्षीदार म्हणून तात्यांनी सही केली. मग त्यांच्या घरी भाकरी आणि वांग्याची भाजी झाली, आणि जेवता जेवता अक्कांनी तात्यांना चर्चासत्राचं आमंत्रण दिलं.

दुसऱ्या दिवशी अक्का अध्यक्षांकडं गेल्या आणि ॲप अजून तयार नाही असं म्हणाल्या. अध्यक्षांनी सांगितलं की पत्रिका वाटून झाल्या आहेत, हे सगळं समारंभानंतर बघू. अक्का बरं म्हणाल्या, पण माझ्या भाषणात मी काय बोलायचं ते माझं मी ठरवणार, असंही म्हणाल्या. अध्यक्षांनी मान हलवली. भाषणात कुणी खरोखर काही बोलेल, असं त्यांना वाटलं नसावं.

चर्चासत्राची सकाळ उजाडली. सभागृह भरलेलं. परदेशातले प्राध्यापक पडद्यावर आले, दहा मिनिटं छान बोलले आणि हात वर केलेल्या अवस्थेत गोठले. मंचावरच्या मंडळींनी थोडा वेळ त्यांच्याकडं आदरानं बघितलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे आता हलणार नाहीत, आणि अक्कांना बोलावलं.

अक्का मंचावर गेल्या. मागं फलकावर त्यांच्या भाषणाचं लांबलचक इंग्रजी शीर्षक होतं. ते त्यांनी एकदा वाचलं आणि म्हणाल्या, हे कुणी लिहिलं मला माहीत नाही, मी फक्त आमचं यंत्र कुठं चुकतं एवढंच सांगणार आहे. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांकडं दोन कुत्री होती. एक कधीच विनाकारण भुंकायचं नाही. दुसरं मोर दिसला की भुंकायचं. लांडग्याच्या रानात वडील दुसऱ्याला घेऊन जात. अक्कांनी लहानपणी त्यांना विचारलं होतं, पहिलं तर शहाणं आहे, त्याला का नेत नाही.

“वडील म्हणाले, ह्याचं कुठं चुकतं ते मला ठाऊक हाय. मोर आला का एवढं बघितलं की झालं. त्याचं कुठं चुकतं ते अजून कळायचंय, आणि ते लांडगा आल्यावर कळलं तर काय करू.”

सभागृहात हसू पसरलं. अध्यक्षही हसले. मग अक्कांनी माझं नाव घेतलं आणि वही माझ्याकडं दिली.

मी माइकसमोर उभा राहिलो. समोर साडेतीनशे माणसं, पहिल्या रांगेत अध्यक्ष. मी वाचलं. कुंडलच्या बागेत आमच्या यंत्रानं रोगट पान निरोगी ठरवलं. कारण, आम्ही एकही पान उलटून बघितलं नाही. त्यापुढं माझ्याच अक्षरातलं वाक्य होतं, ‘ही चूक पंधरा दिवस मला माहीत होती. मी सांगितली नाही.’ तेही मी वाचलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, नुसतं त्यातून ते स्वतः निघून गेले होते.

अक्कांनी तात्यांना मंचावर बोलावलं. तात्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली वेलाची फांदी काढली. पुस्तकाचं पान पडद्यावर दाखवायच्या कॅमेऱ्याखाली त्यांनी एक पान ठेवलं. मोठ्या पडद्यावर हिरवंगार, निरोगी पान दिसलं. मग त्यांनी ते उलटलं. मागची मुलं बघायला उभी राहिली. तात्या मोजून पाच-सात मिनिटं बोलले. ढगाळ हवेत कुठल्या ओळीपासून बघायला सुरुवात करायची, कोवळ्या घडाला बोट कसं लावायचं, आणि यंत्राला एवढी पानं दाखवली तर मला बी इचारायला काय झालं व्हतं. टाळ्या पडल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

पुढची पाळी बंगळूरच्या त्या तरुण शास्त्रज्ञाची. देखणा मुलगा, इस्त्रीचा सदरा, आधीच्या दिवशी त्याची चित्रफीत आम्ही तपासून ठेवली होती, दिव्यांची नुसती रोषणाई. तो उठला, लॅपटॉपकडं गेला आणि त्यानं तो मिटला. म्हणाला की मीही एक चूक सांगतो, कुणाला आजवर सांगितलेली नाही. नोकरीचे अर्ज चाळणारं एक यंत्र त्यानं बनवलं होतं. मूल झालं म्हणून मध्ये वर्ष-दोन वर्षं घरी राहिलेल्या बायकांचे अर्ज ते यंत्र मागं टाकत होतं. त्याला ते लवकर लक्षात आलं होतं, आणि महिनाभर तो गप्प बसला होता. कारण त्याच आठवड्यात त्याला बढती मिळाली होती. हे सांगताना तो माझ्याकडं बघत होता.

त्यानंतर ते चर्चासत्र कुणाच्या हातात राहिलं नाही. चहाच्या टेबलाशी मोठमोठे विद्वान एकमेकांना आपापल्या यंत्रांच्या चुका सांगत होते आणि पोट धरून हसत होते. अक्का या घोळक्यातून त्या घोळक्यात वही घेऊन फिरत होत्या. इतका आनंदी माणूस मी लग्नघरातही बघितलेला नाही.

दुसऱ्या दिवशीचं अर्पण झालं नाही. अध्यक्ष माझ्याशी चार महिने बोलले नाहीत आणि माझी फाइल त्या वर्षी जागची हलली नाही. त्याबद्दल मला तक्रार नाही. पण जेवणाच्या वेळी मी एक गोष्ट बघितली. अध्यक्षांची स्वतःची बाग होती. ते हातात ताट घेऊन तात्यांच्या शेजारी बसले होते आणि आपल्या बागेत कुठल्या ओळीपासून बघावं ते विचारत होते.

तो हिवाळा आणि पुढची छाटणी आम्ही पुन्हा फोटो काढण्यात घालवली. या वेळी तात्या बरोबर असत. ते पान उलटून धरत आणि मी टिपत असे. आता आमचं ॲप पानाची पाठ मागतं, आणि ओळखता आलं नाही तर, ‘मला कळत नाही, जाणत्या माणसाला विचारा’ असं सरळ लिहून येतं. हे वाक्य बसवायला अक्कांनी सगळ्यांशी भांडण केलं होतं. असं लिहिणारं यंत्र वापरणार कोण, असं सगळे म्हणत.

पुढं अक्का निवृत्त झाल्या त्या उन्हाळ्यात बंगळूरहून त्या शास्त्रज्ञाचं पत्र आलं. तिकडच्या मोठ्या परिषदेत अक्कांनी बीजभाषण करावं. अक्कांनी उत्तर धाडलं, आम्ही तिघं येतो, भाषण तात्या करतील. मिरजेहून आम्ही रेल्वेनं निघालो. तात्यांनी वाटेत चारदा विचारलं की बीजभाषण म्हणजे नक्की काय. अक्का म्हणाल्या, पेरायचं भाषण, उगवेल याची खात्री नाही. त्यावर तात्या निवांत झोपले.

परिषदेत तात्या कुंडलच्या बोलीत बोलत होते आणि मी इंग्रजीत भाषांतर करत होतो. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की तात्यांच्या तोंडून निघालेली जिवंत वाक्यं माझ्या तोंडात आल्यावर मरत आहेत. लोक माना खाली घालून टिपणं काढत होते. अक्का उठल्या, पांढऱ्या बुटांनी मंचावर आल्या, माझ्या हातातून माइक घेतला आणि कन्नडमधून सुरू झाल्या. पहिल्याच वाक्याला सभागृह जागं झालं. दाराशी चहाचे कप घेऊन उभी असलेली माणसंही आत सरकली. तात्या आणि अक्का, एक वाक्य ते, एक वाक्य त्या, अशी त्यांची जोडी जमली ती अर्धा तास.

शेवटी एका विद्यार्थिनीनं उभं राहून प्रश्न विचारला. एकदा तुमचं नुकसान केलेल्या यंत्रावर आता तुमचा विश्वास आहे का. अक्कांनी तो मराठीत तात्यांना सांगितला.

तात्यांनी टोपी सारखी केली. “हाय की इस्वास,” ते म्हणाले. “आता त्येला कळत न्हाई तवा कळत न्हाई म्हनतंय. आवं, माझ्या लग्नाला चाळीस वर्सं झाली, मी घरात एकदा बी असं म्हनलो न्हाई. आमची मालकीन रोज म्हनती, त्या यंत्राकडनं शिका की जरा.”

अक्का भाषांतर करायला माइकजवळ झुकल्या आणि त्यांना हसू फुटलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पहिल्या शब्दाला पुन्हा फुटलं. चष्मा दोरीवर लोंबायला लागला, त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून एकही कन्नड शब्द बाहेर पडेना. सभागृहातल्या शंभरेक माणसांना तात्या काय म्हणाले ते अजून कळलेलं नव्हतं. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग पुढच्या रांगेतली एक बाई हसायला लागली, तिच्या मागचा हसला, आणि बघता बघता सगळं सभागृह अक्कांकडं बघून हसत सुटलं.